वर्गात न शिरता संशोधक व्हा!

अभिनंदन. वरिष्ठ महाविद्यालयात इंग्रजीचे सहायक प्राध्यापक म्हणून तुमची ऑर्डर निघाली, मस्टरवर सही झाली, आणि स्टाफरूममधली पंख्याखालची खुर्ची आपली नाही हेही तुम्हाला कळले. आता संशोधनाला लागा. विषय शोधत बसू नका, इंग्रजीच्या अध्यापनावरच करा. शेक्सपिअरवर करायचे तर निदान शेक्सपिअर वाचावा लागतो. अध्यापनाचे तसे नाही. शिकवतो तर आपण रोजच, तेव्हा त्यातले आपल्याला कळते असे सगळ्यांनी धरूनच ठेवलेले असते.

सुरुवात शीर्षकापासून करावी, कारण पुष्कळदा शेवटही तिथेच होतो. 'अ स्टडी ऑफ द प्रॉब्लेम्स फेस्ड बाय रूरल स्टुडंट्स इन लर्निंग इंग्लिश विथ स्पेशल रेफरन्स टु' एवढे लिहून पुढे तालुक्याचे नाव घाला. महाराष्ट्रात 358 तालुके आहेत, म्हणजे तेवढ्या प्रबंधांची सोय महसूल खात्यानेच करून ठेवली आहे. 'लर्निंग इंग्लिश'च्या जागी लिसनिंग, स्पीकिंग, रीडिंग, रायटिंग अशी आळीपाळीने अदलाबदल केली की आकडा चौपट होतो. निष्कर्षांची चिंता नको, ते ठरलेले आहेत : विद्यार्थी मराठी माध्यमातले आहेत, घरी इंग्रजी बोलले जात नाही, त्यांना भीती वाटते. शिफारशीही ठरलेल्या : लँग्वेज लॅब उभारावी, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, पालकांनी लक्ष द्यावे.

इथे एक मोह होईल, तो आवरा. महाराष्ट्राने 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. तेव्हा पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत, नोकऱ्या करताहेत, काही तर तुमच्याच स्टाफरूममध्ये आहेत. चौथीनंतर, दहावीनंतर, पहिल्या मुलाखतीत त्या इंग्रजीचे काय झाले, हे त्यांना गाठून विचारता येईल. पण त्यासाठी माणसे शोधावी लागतात, चहा पाजावा लागतो, तासभर ऐकून घ्यावे लागते. तालुका बरा.

मग प्रश्नावली. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1932 साली 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी मापनाची शिडी दिली. लिकर्टने खपून केले ते काम आता गूगल फॉर्म करतो. दुवा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि 'इंटर्नलचे मार्क याच्याशी संबंधित नाहीत' असे खाली लिहा, म्हणजे सगळे भरतील. प्रश्नावली इंग्रजीतच असू द्या. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला ते का येत नाही, हे इंग्रजीतच विचारण्याची आपल्याकडे परंपरा आहे. तो मधल्या खुणेवर टिचकी मारत खाली जाईल. तुम्ही त्याचे पाय-चार्ट करा. पाय-चार्ट रंगीत असावेत. परीक्षक थांबतो तो तिथेच.

पूर्वसंशोधनाचा आढावा हे प्रकरण दुसरे. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर चढवलेले असतात, तिथे बुडी मारा आणि आपल्या तालुक्याच्या शेजारचा तालुका शोधा. त्याच्या आढाव्यात जी नावे असतील ती तुमच्याही आढाव्यात येतील. दुसरी भाषा माणूस कशी आत्मसात करतो याचा सिद्धांत मांडणारा क्रॅशेन हवाच. पिट कॉर्डरही हवा : विद्यार्थ्याच्या चुका म्हणजे केवळ दोष नव्हेत, तो मनात कोणते नियम रचतो आहे याचा त्या पुरावा आहेत, असे त्याने 1967 साली मांडले. हे वाक्य प्रबंधात घाला आणि त्याच दुपारी एफ.वाय.च्या पेपरांवर लाल रेघा ओढायला बसा. दोहोंचा एकमेकांशी संबंध जोडू नका.

उचलेगिरीबद्दल उगाच घाबरू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पुढे 40, मग 60 असे टप्पे आहेत आणि टप्प्यागणिक शिक्षा वाढते. आपण इंग्रजीचे प्राध्यापक, वाक्य उलटे-पालटे करणे हा आपला पोटापाण्याचा धंदा. कर्तरीचे कर्मणी केले तरी बरेच साम्य विरघळते. यंत्र शब्द जुळवते, विचार कुणाचा हे त्याला ओळखता येत नाही. कधीकधी गाइडलाही येत नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे गणित. 2018 च्याच दुसऱ्या नियमावलीप्रमाणे भाषा विषयात एका शोधनिबंधाला 10 गुण मिळतात. थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकाला 75 गुण लागतात, प्रोफेसरला 120. एकट्याने लिहिले तर 10. दोघांनी मिळून लिहिले तर प्रत्येकाला 70 टक्के, म्हणजे 7 आणि 7. दहाचे चौदा झाले! दोनाहून जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला 7 आणि बाकीच्या प्रत्येकाला 3. म्हणजे तिघे लिहायला बसले तर एक गुण घटून 13 होतात, हा नियमातला खड्डा. पण चौघे होताच 16, आणि अकरा जणांनी मिळून एक निबंध लिहिला तर 37. कागद तोच, शाई तीच. सबंध कला शाखेने मिळून एकच निबंध लिहावा, असा ठराव अजून कुठल्या महाविद्यालयाने कसा केला नाही, याचे नवल वाटते. व्यवहारात जोडी बरी. तुम्ही माझे नाव घाला, मी तुमचे घालतो. जोडीदार निवडताना त्याने निबंध वाचण्याचा आग्रह धरू नये, एवढीच अट ठेवा.

निबंध छापायचा कुठे? यासाठी थोडा इतिहास ठाऊक हवा. आयोगाने जानेवारी 2017 मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर केली, तीत 38 हजारांवर नावे होती. पुढल्या वर्षी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी तिच्यातला विद्यापीठांनी सुचवलेला भाग तपासला आणि 'करंट सायन्स'मध्ये लिहिले की अन्यत्र सूचीबद्ध नसलेल्या या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. मे 2018 मध्ये आयोगाने 4,305 नियतकालिके एका फटक्यात वगळली. ज्यांचे निबंध त्यांत छापून आले होते त्यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल, यावर मात्र कुणी प्रश्नावली काढली नाही.

त्यानंतर जुन्या यादीच्या जागी आयोगाची 'केअर' यादी आली. तिच्यात घुसण्यासाठी तोतया संकेतस्थळे निघाली : यादीतल्या नियतकालिकाचे नाव तेच, मुखपृष्ठ तेच, फक्त पैसे भलत्याच खात्यात जायचे. तोतया ओळखायचे ठोकताळे सांगतो, म्हणजे तुम्हाला हवे ते टाळता येईल किंवा नको ते गाठता येईल. एकाच अंकात इंग्रजी अध्यापन, डाळिंबावरचा तेल्या रोग आणि जीएसटी शेजारी शेजारी नांदत असतील. निबंध पाठवल्यावर चोवीस तासांत 'ॲक्सेप्टेड' येईल, ईमेल 'डिअर एमिनंट प्रोफेसर'ने सुरू होईल आणि यूपीआयच्या क्यूआर कोडने संपेल. मुखपृष्ठावर इम्पॅक्ट फॅक्टर ठळक छापलेला असेल, पण तो दिला कुणी हे विचारायची सोय नसेल. आठ आकडी आयएसएसएन दिसला म्हणून भुलू नका. तो फक्त नोंदणीचा क्रमांक आहे, मोटारीच्या नंबरप्लेटसारखा. गाडी चालते की नाही हे त्यावरून कळत नाही.

राष्ट्रीय चर्चासत्राबद्दल फार लिहीत नाही. पिशवी मिळते, जेवण बरे असते. पाच मिनिटांत पेपर वाचायचा असतो आणि चौथ्या मिनिटाला अध्यक्ष चिठ्ठी सरकवतात. सर्टिफिकेट घेतल्याशिवाय निघू नका.

शेवटी एक धोक्याची सूचना. एन. एस. प्रभू यांच्या नादी लागू नका. हे गृहस्थ मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. 1979 साली त्यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांच्या वर्गांत एक प्रयोग मांडला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवायचे आणि मुलांना रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे अशी कोडी सोडवायला द्यायची. डोके कोड्यात गुंतले की भाषा मागून येते, असे त्यांचे म्हणणे. 1984 पर्यंत पाच वर्षे हे चालले आणि पुस्तक आले 1987 साली. मधल्या काळात त्यांनी आपल्या प्रयोगाची बाहेरून तपासणीही होऊ दिली. बेरेटा आणि डेव्हिस यांचा तो अहवाल 1985 मध्ये 'ईएलटी जर्नल'मध्ये आला. पुढे 1990 मध्ये याच माणसाने शिकवण्याची सर्वोत्तम अशी एकच पद्धत नसते, असे लिहून टाकले! टास्कवर आधारित अध्यापन म्हटले की आजही जगभर प्रभूंच्या या 'बंगलोर प्रकल्पा'चा दाखला देतात. पण आपल्या हिशेबाने बघा : पाच वर्षे वर्गात घालवली, तेवढ्यात किती 7 आणि किती 7 झाले असते!

आणि प्रभूंचे हे वेड संसर्गजन्य आहे. समजा, एफ.वाय.च्या कम्पल्सरी इंग्लिशला शंभरावर मुले बसली आहेत. त्यांतल्या पन्नासांनी तीच चूक त्याच जागी केली असे तुमच्या ध्यानात आले आणि तुम्ही ती वहीत उतरवून घेतली, पुढच्या आठवड्यात वेगळ्या तऱ्हेने शिकवून पाहिले, परत मोजले. मागच्या बाकावरच्या मुलाला विचारले, की हे असे का लिहिलेस? त्याने दिलेले उत्तर क्रॅशेनमध्येही सापडत नाही. असे होऊ लागले तर खुशाल समजा, की तुमची तालुक्याची योजना बारगळली. काखेत कळसा आणि गावाला वळसा असे कुणी म्हणेल; तुम्ही वळसा मोजा, कळशाला गुण नाहीत.

ही मार्गदर्शिका छापायला जाता जाता एक बदल झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने 'केअर' यादी बंद केली. नियतकालिक चांगले की वाईट, हे आता प्राध्यापकांनी आणि त्यांच्या संस्थांनी ठरवायचे आहे. म्हणजे ते उघडून वाचावे लागणार. जिवावर येत असेल तर विभागप्रमुखांना विचारा; तेही कुणाला तरी विचारतील.