नव्वद फूट सबब

हँपशरमधल्या टेस्ट नदीचं पाणी खडूच्या टेकड्यांतून झिरपत येतं. ते इतकं नितळ असतं की काठावरच्या माणसाला ट्राउट मासा स्पष्ट दिसतो. अडचण एवढीच की ट्राउटलाही तो माणूस तितकाच स्पष्ट दिसतो. हा माणूस म्हणजे फ्लाय फिशिंगवाला. कमरेच्या वरपर्यंत रबरी विजार, अंगात खिशांनाही खिसे असलेलं जाकीट, टोपीला टोचलेल्या पिसांच्या खोट्या माश्या, आणि गणित चुकलंय पण नेमकं कुठल्या पायरीवर ते सापडत नाही असा चेहरा. माँटानातल्या नद्यांवरही हाच नमुना भेटतो, फक्त टोपी बदलते. त्याला ‘किती मिळाले?’ असं विचारणं असभ्यपणाचं. ‘आज लाइन कुठली लावलीत?’ असं विचारावं आणि बसायला जागा शोधावी. तो जे बोलतो ती मासे पकडण्याची परिभाषा आहे असा सर्वसाधारण समज आहे. मला तो मान्य नाही. मासा का मिळाला नाही हे सांगण्यासाठी ही परिभाषा घडली आहे, आणि त्या कामात तिला तोड नाही.

त्याची बाजू मात्र आधी नीट मांडायला हवी. आपल्याकडे खाडीवर गरवणारा दोरीला शिसं बांधतो. शिसं पाण्याकडे झेपावतं आणि दोरी त्याच्यामागून जाते. इथे गळावर असतं फक्त गुंडाळलेलं पीस, फुंकर मारली तर उडेल असं. ते लांब फेकता येतच नाही. म्हणून दोरीच वजनदार करायची, तीच फेकायची, आणि पीस तिच्या शेपटाला धरून जाणार. दोरी काठीला झेपणारी हवी, तेव्हा तिला नंबर हवा. पूर्वी दोऱ्या रेशमाच्या असत. त्या तरंगाव्यात म्हणून त्यांना चरबी चोळायची, संध्याकाळी उलगडून वाळत घालायच्या, आणि जाडी एचडीएच अशा अक्षरांनी सांगायची. कृत्रिम धागे आले तशी जाडीवरून वजन कळेनासं झालं. मग १९६०च्या आसपास अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेने ठरवलं की दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन मोजायचं. ते १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरलं तर दोरी पाच नंबरची. डबीवर ‘डब्ल्यूएफ-५-एफ’ असं छापलेलं असतं: वजन पुढच्या भागात, नंबर पाच, तरंगणारी. इथपर्यंत सगळं शास्त्र आहे आणि शास्त्राशी माझं भांडण नाही.

भांडण पुढे सुरू होतं. दोरीचा नंबर वाढला की दोरी जड होते, पण गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो. बारा नंबरच्या शेजारी वीस नंबरचा गळ दिसतही नाही. टोकाच्या बारीक धाग्याला, म्हणजे टिपेटला, ‘एक्स’ लावतात. अकरातून एक्सचा आकडा वजा करायचा, उरतील ते इंचाचे हजारावे भाग; म्हणजे ५एक्सची जाडी इंचाचे सहा हजारांश. रेशीमकिड्यापासून काढलेली तात छिद्रातून ओढून बारीक करत, तेव्हाचे हे एक्स आहेत. आता धागा नायलॉनचा आहे आणि कुणी काही ओढत नाही, तरी एक्स टिकून आहेत. दोरी साधारण ९० फुटी. तिच्या मागे रिळावर बॅकिंग, मग रनिंग लाइन, रिअर टेपर, बेली, फ्रंट टेपर, पुढे लीडर, त्याच्यापुढे टिपेट; आणि जोडांवर आर्बर, नेल, ब्लड, सर्जन्स अशा गाठी. एवढ्या सामानात निर्दोष राहतो तो फक्त फेकणारा हात. मासा जवळ येऊन वळला? टिपेट ५एक्स होता, ६एक्स हवा होता. ६एक्स तोडून मासा पळाला? ५एक्सच ठेवायला हवा होता. दोरी पाण्यावर धपकन पडली तर फ्रंट टेपर आखूड, आणि वाऱ्यात मागे आली तर तोच टेपर लांब. दोरीचा रंग पांढरा की शेवाळी, हा वाद पावसाळी दिवसांसाठी राखीव असतो.

यावर कुणी म्हणेल, बिचाऱ्याला दुकानदारांनी नादाला लावलंय. थोडं खरं आहे. काठ्या ताठर होत गेल्या तशा अनेक कंपन्या पाच नंबरच्या डबीत अर्धा-एक नंबर जड दोरी भरू लागल्या, आणि आमचे गृहस्थ सोनाराच्या काट्यासारखा काटा आणून घरी दोरी तोलू लागले. (मिळालेल्या मालावर ते नाराज नव्हते, एक नवं कारण हाती लागलं होतं.) पण ही वृत्ती दुकानांहून जुनी आहे. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ साली तरंगत्या माश्यांवर पुस्तक लिहिलं, आणि त्यांच्या अनुयायांच्या लेखी पाण्याखाली बुडणारी माशी वापरणं अधर्म ठरलं. १९१० साली जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने बुडत्या माशीची तरफदारी करणारं पुस्तक काढलं. हॅलफर्ड १९१४ साली वारले. तरी १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर रीतसर वादसभा भरली. यात कुणाचा माल खपणार होता? आणि मासे दोन्ही पक्षांना मिळत होतेच, ही या वादातली सर्वांत दुर्लक्षित बाब.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हल्ली ही मंडळी पकडलेला मासा सोडून देतात, मग सबबीची गरजच काय? माझ्या मते गरज तिथेच वाढते. मासा घरी आला असता तर तव्याने निकाल दिला असता. सोडून दिल्यावर यशाचा पुरावा उरत नाही आणि अपयशाचाही नाही, उरतं फक्त बोलणं. ‘मिळाला, सोडला’ हे दोन शब्दांत संपतं. ‘मिळाला नाही’ याला नव्वद फूट मजकूर आहे.

राहता राहिला प्रश्न की या सामानाने मासे जास्त मिळतात का. आयझॅक वॉल्टनचं पुस्तक १६५३ सालचं. त्या काळी दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे, आणि तिलाही मासे लागत. एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी फेझंटच्या शेपटीची पिसं आणि तांब्याची तार एवढ्यावरच एक माशी बांधली, साधा दोरासुद्धा न घेता. ती जगभर चालते. जपानमध्ये तेंकारा नावाच्या पद्धतीत रीळच नसतं: काठी, टोकाला बांधलेली ठरावीक दोरी आणि एक माशी. हे सगळं आमच्या गृहस्थांपुढे ठेवलं तर ते वाद घालत नाहीत. त्यांना ते मनापासून पटतं. साधेपणाचीच ओढ होती म्हणतात, आणि तेंकाराची काठी मागवतात. मग तिला दोरी निमुळती लावावी की एकसारख्या जाडीची, आणि एकसारखीच लावायची तर जपानी मापाने तीन नंबरची की साडेतीन, यावर बोलायला ते रविवारी सकाळपासून मोकळे असतात.