अपिलाची तरतूद नाही

पेढे आणायची घाई माझीच. त्याचं खापर मी कुणाच्या डोक्यावर फोडत नाही, कारण घरात माझ्याशिवाय जी दोन डोकी आहेत ती माझ्यापेक्षा शहाणी आहेत.

लेकीनं मंगळवारी सोडतीचा अर्ज भरला आणि गुरुवारी मी किलोभर कंदी पेढे घेऊन आलो. निकालाला अजून दोन आठवडे होते. “कंदी पेढा टिकतो,” असं मी हिला सांगितलं. ही म्हणाली, “पेढा टिकेल हो. तुमचं तोंड टिकेल का?”

नाही टिकलं. शनिवारपर्यंत साताऱ्यातल्या चार भिंतीच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या सगळ्या कंपूला कळलं होतं की लेक लंडनला निघाली. ‘निघाली’ हे क्रियापद माझं. तिनं फक्त फॉर्म भरला होता.

माझा पहिला अपमान त्या फॉर्मनंच केला. कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस मी. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज वाचले, त्यातल्या चुका काढल्या आणि मनातल्या मनात ते सुधारून लिहिले. त्यामुळे लेक म्हणाली, “बाबा, ब्रिटनच्या यंग प्रोफेशनल्स व्हिसासाठी नाव घालतेय,” तेव्हा मी दोन रात्री बसून तीन पानी मसुदा तयार केला. चौथीची स्कॉलरशिप, वक्तृत्वाची ढाल, इंजिनिअरिंगचं डिस्टिंक्शन, हिंजवडीतली सात वर्षांची नोकरी, शेवटी ‘सबब विनंती की’. फॉर्ममध्ये मागितलं होतं नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा तपशील, पासपोर्टचा फोटो, फोन नंबर आणि ईमेल. संपलं.

“गुणवत्ता कुठं लिहायची?”

“कुठंच नाही, बाबा. सोडत आहे. म्हाडासारखी.”

म्हाडा निदान अनामत रक्कम तरी घेते. इथं नाव घालायला एक छदामही लागत नाही, आणि फुकटच्या अर्जाला वजन नसतं हे मी जन्मभर पाहिलंय. दोन्ही सरकारांचा करार 2021 सालचा, योजना सुरू झाली 2023 मध्ये. वर्षाला 3,000 जागा. वय 18 ते 30, हातात पदवी हवी. सोडतीची खिडकी 48 तास उघडी. नंबर लागला तर दोन वर्षं तिकडं राहा, हवी ती नोकरी शोधा. आधी कंपनीचं पत्र नको, काही नको. चोवीस महिने संपले की परत. मुदतवाढ नाही. करार दोन्ही बाजूंचा आहे, म्हणजे त्यांच्याकडची तरुण मंडळीही आपल्याकडं तशीच येऊ शकतात. मी मुद्दाम लक्ष ठेवून आहे. सातारच्या स्टँडवर अजून एकही उतरलेला नाही.

नंबर लागल्यावर खात्यात 2,530 पौंड सलग 28 दिवस हललेले नसावेत असाही नियम आहे. जवळजवळ तीन लाख रुपये. मी मुदत ठेव मोडायची तयारी दाखवली, जरा मोठ्यानंच, शेजारी ऐकू जाईल अशा बेतानं. लेकीनं मोबाइल पुढं केला. पैसे तिच्या खात्यात होते आणि 28 दिवस काय, सहा महिने हलले नव्हते. मला अभिमान वाटायला हवा होता. तो नंतर वाटला.

आता इथं मला रंगो बापूजींबद्दल सांगायलाच हवं. घरात हे नाव काढलं की ही कुकर लावायला उठते आणि लेक कानात बोंडं घालते, पण वाचकहो, तुमच्यापुढं माझा इलाज चालतो. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारनं 1839 मध्ये गादीवरून उतरवलं. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले. त्यांच्या वेळी ना सोडत, ना बँकेचं स्टेटमेंट, ना क्षयरोग नसल्याचा दाखला. गेले, आणि वर्षामागून वर्षं तिथं अर्जावर अर्ज करत राहिले. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीत भागधारकांच्या सभेत उभं राहून बोलले. इथं माझ्यातला शिरस्तेदार जागा होतो. 1847 मध्ये महाराज काशीला वारले, म्हणजे पक्षकार मयत. 1848 मध्ये राज्यच खालसा झालं, म्हणजे दाव्याची मिळकतच शिल्लक नाही. कुठलाही वकील अशा वेळी फाइल बांधून घरी जातो. हा माणूस 1853 पर्यंत तिथंच! प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलंय. ते मी लेकीला तिच्या प्रत्येक वाढदिवसाला वाचायला सुचवतो. लंडनच्या थंडीत, परक्या भाषेत, दर वेळी ‘नाही’ ऐकून पुन्हा नवा कागद पुढं ओढणाऱ्या त्या माणसाच्या टेबलावरचा दिवा मला कधीकधी दिसतो. तिथल्या शाईला वास कसला येत असेल? ते पागोटं घालून रस्त्यात निघाले की पोरं मागं लागत असतील का? हिचं म्हणणं, एवढी चौकशी मी आमच्या नळाच्या गळतीची केली असती तर बरं झालं असतं.

निकाल बुधवारी रात्री मेलवर आला. नंबर लागला नाही. लेकीनं फोनवर ते, पाऊस पडतोय सांगावं, तसं सांगितलं. कंपूतल्या एकाच्या पुतण्याचा नंबर मात्र लागला. तो पुतण्या मी लहानपणापासून पाहतोय. जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेढे वाटले. वाटणं भागच होतं, किलोभर होते. निमित्त सांगितलं लग्नाच्या वाढदिवसाचं. “तुमचा मे महिन्यात असतो ना?” असं एकानं विचारलं आणि दोन पेढे उचलले.

मग मी अपील लिहायला घेतलं. पाच पानं झाली. रंगो बापूजींचा उल्लेख दुसऱ्या परिच्छेदात. शनिवारी लेक पुण्याहून आली. व्हरांड्याच्या पायरीवर बसून डब्यातला उरलेला एकमेव पेढा खात तिनं सगळं ऐकून घेतलं.

“बाबा, निकाल अंतिम असतो. अपील नाही.”

“नाही म्हणजे? अपील नाही असा निकाल असतो कुठं?”

“निकाल नाहीच आहे तो. चिठ्ठी निघाली नाही, एवढंच.” बोटाला लागलेला पेढा तिनं पायरीच्या कडेला पुसला, ही बघत नाहीसं पाहून. मग म्हणाली, “एक विचारू? मी जावं असं वाटतंय तुम्हाला, की मी गेलेय असं सांगावंसं वाटतंय?”

कोर्टात असा प्रश्न आला की वकील उठून हरकत घेतो. माझ्या बाजूनं उठणारं कुणी नव्हतं. ही दारात उभी होती, पण ती फिर्यादी पक्षाची.

खरं सांगायचं तर जीव कशानं कातावला होता ते मला त्या पायरीवर कळलं. पोरीची ऐन उमेदीची दोन वर्षं ते मोजून घेणार. दवाखान्याचे म्हणून वर्षाला 776 पौंड, दोन्ही वर्षांचे आगाऊ घेणार. पंचविसाव्या महिन्याला दार दाखवणार. आणि एवढ्यासाठीही आपण चिठ्ठ्या टाकून मेलकडं डोळे लावून बसायचं. कामाला या, पण गादी घालून बसू नका, असं हे आमंत्रण. आज ती पुण्याहून एसटीनं तीन तासांत दारात येते, पिशवीत धुवायचे कपडे घेऊन. हे अपिलात कुठल्या परिच्छेदात घालायचं?

“मग जातेस कशाला?” मी विचारलं.

“तुम्ही पस्तीस वर्षं एकाच टेबलाशी बसलात. मला एकदा दुसरं टेबल बघून यायचंय. आवडलं नाही तर चोवीस महिने तरी कशाला थांबीन?”

मी अपिलाची पाच पानं घडी घालून प्रबोधनकारांच्या पुस्तकात ठेवून दिली. कोरी बाजू उपयोगी पडते.

पुढची सोडत निघाली की ती पुन्हा नाव घालणार आहे. नोव्हेंबरात तिला तीस पूर्ण होतील. ही त्याला ‘एकतिसावं लागलं’ म्हणते, पण एकतिसावा वाढदिवस होईपर्यंत नियमात बसतं, ते मी दोनदा तपासलंय. या खेपेला पेढे निकालानंतर. तोवर साताऱ्यात तुम्हाला कुणी विचारलंच, तर एवढंच सांगा, की पुढची तारीख पडली आहे.