पसंत न पडल्यास सात दिवसांत परत

अभिनंदन! बीडच्या सीताफळाला परतीचं धोरण मिळालं. भौगोलिक मानांकन 2016 सालीच मिळालं होतं, पण नुसतं मानांकन घेऊन फळ कुठं जाणार? परतीचं धोरण आलं की ते जातंही आणि येतंही.

बालाघाटच्या डोंगरातल्या बचत गटांच्या बायांना ही आनंदवार्ता एका मंगल कार्यालयात कळली. विषय होता लघुउद्योजकांसाठी डिजिटल व्यापार. बॅनर, समई, पुष्पगुच्छ, पुरी-भाजी हे सगळं तुम्हाला पाठ आहे. प्रशिक्षक पडद्यावर ऑनलाइन दुकानाचा फॉर्म भरून दाखवत होता. 'परतीचा कालावधी' या रकान्यात पर्याय तीनच: सात दिवस, पंधरा दिवस, तीस दिवस. त्यानं बायांची बाजू घेऊन सात निवडला. मागून एक मावशी म्हणाल्या, "साहेब, सात दिसांनी त्यात आळ्या पडतेल. त्या बी मोजून वापस घ्यायच्या का?"

"मावशी, प्रश्न शेवटी," प्रशिक्षक म्हणाला. शेवटी गटाचा फोटो झाला.

सीताफळ झाडावरून उतरवतात ते कडक असताना. डोळे मोठे झाले, मधल्या रेघा पिवळट-पांढऱ्या पडल्या की तोडायचं. तीन-चार दिवसांत ते पिकतं, आणि एकदा पिकलं की बोट लागलं तरी फुटतं. फ्रीजमध्ये ठेवावं तर साल काळी पडते. आठवड्याच्या आत ज्याचं जन्मापासून तेराव्यापर्यंत सगळं उरकतं, त्याला आपण सात दिवस विचार करायला दिले आहेत. फळाला नव्हे, गिऱ्हाइकाला.

आता हा माल परत येतो कसा, ते पाहू. अट अशी आहे की वस्तू न वापरलेली, मूळ वेष्टनात आणि मूळ स्थितीत असावी. सीताफळाची मूळ स्थिती म्हणजे कडक, म्हणजे गिऱ्हाइकानं आधी ते उलटं पिकवून दाखवलं पाहिजे. ते जमलं की कारण निवडायचं. 'रंग आवडला नाही.' 'आकार बसत नाही.' 'चित्रात दाखवल्यापेक्षा वेगळे.' हे शेवटचं मात्र शंभर टक्के खरं, कारण पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेल्या फोटोत फळ हिरवंगार होतं आणि दारात पोचलं तेव्हा त्याचा लगदा झाला होता. मग खोकं निघतं भिवंडीच्या गोदामाकडे. तिथं त्याची तपासणी होते, त्यावर नवी पट्टी चिकटते, मध्ये रविवार येतो. नंतर ते नगरमार्गे बीडला, बीडहून तालुक्याला आणि तालुक्याहून गावाच्या फाट्यावर. पत्ता 'मारुतीच्या देवळामागे' असा असल्यानं नकाशा फाट्यावरच संपतो. पोऱ्या फोन करतो, "मावशी, फाट्यावर या, ओटीपी सांगा." फाट्यावर रेंज नाही. रेंज टेकाडावर. मावशी टेकाडावर चढतात, आकडा पाठ करतात, तो विसरायच्या आत खाली उतरतात. तोवर त्याची मुदत संपलेली असते. पुन्हा टेकाड. हातात काय पडतं? घोंगावणाऱ्या चिलटांसकट स्वतःचंच फळ, आंबलेलं. पहाटे डोंगरात काट्यांतून फिरून ते तोडलं तेव्हा कुणी ओटीपी विचारला नव्हता.

जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं आणि कमिशन मावशींच्या खात्यातून वजा. कमिशनवर 18 टक्के जीएसटी. ताज्या फळावर जीएसटी नाही, ही सरकारची कृपा. फॉर्ममध्ये मात्र जीएसटी क्रमांकाच्या रकान्यावर लाल चांदणी आहे आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

या बाया डिजिटल नाहीत, हा शोध कुणी लावला कोण जाणे. मांजरसुंब्याच्या घाटात जाऊन या. रस्त्याकडेला पाट्या मांडून बसलेल्या बायकांकडे क्यूआर कोड आहे, पावसानं भिजू नये म्हणून पिशवीत घातलेला. पैसे जमा झाले की फोन वाजतो. न वाजता गाडी हलली तर मावशी वाजतात. हे शिकवायला कोणताही प्रशिक्षक आला नव्हता. तिथंही परतीचं धोरण आहे. गिऱ्हाईक एक फळ फोडून खातं, नाक मुरडतं, भाव पाडतं आणि पाटी उचलून जातं. सगळा व्यवहार पाच मिनिटांत, भिवंडी न लागता.

त्यांच्याकडे नाही ते वेगळंच आहे. गर काढून गोठवायला गावात यंत्र नाही, शीतगृह नाही, तीन दिवसांत गाडी भरून माल हलवील असा बांधलेला खरेदीदार नाही. पण शीतगृहाला जागा लागते, वीज लागते, दरवर्षी पैसा लागतो. प्रशिक्षणाला प्रोजेक्टर लागतो. म्हणून दरवर्षी प्रोजेक्टर येतो! डोंगरात वीज गेली की तोही विझतो, मग साहेब हातवारे करून बाजारपेठ दाखवतात. आणि अहवालात काय जातं? इतक्या महिला जागतिक बाजाराशी जोडल्या. अहो, जोडल्या कुठं? तुम्ही त्यांच्या फोनमध्ये एक अॅप टाकलं आणि त्यांच्या बोकांडी दोन्हीकडचं भाडं!

परतीच्या हमीचं इतकंच प्रेम असेल तर ती उचलीला लावा. याच बायांनी नवऱ्याबरोबर ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ही उचल पसंत न पडल्यास सात दिवसांत परत करता येत नाही. ती ऊस तोडून फेडायची, आणि हंगाम संपला तरी फिटली नाही तर पुढच्या वर्षीच्या अंगावर. तिथल्या फॉर्ममध्ये एकच पर्याय असतो आणि तो मुकादम भरतो.

दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर लागतात. सीताफळाचा शेवटचा तोडा झाडावर असतानाच अर्धा बचत गट कारखान्याच्या वाटेवर असतो. पुढचे चार-पाच महिने उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. इकडे अॅपला काळजी वाटू लागते. पहाटे मोळ्या बांधताना मावशींचा फोन थरथरतो. 'प्रिय उद्योजक, तुमचे दुकान बराच काळ बंद आहे. कृपया कारण निवडा: सुट्टी, सहल, आजारपण.'

'इतर' हा पर्याय, असं कळतं, पुढच्या आवृत्तीत येणार आहे.