मालक कोण, ते विचारू नका

राउटरच्या रूटिंग टेबलमध्ये निवाडा एकाच कलमावर चालतो: एका पत्त्याला दोन नोंदी लागू पडल्या, तर ज्याचं सबनेट (म्हणजे पत्त्यांचा गट) लहान, त्याचं खरं. /२२ म्हणजे १,०२४ पत्ते, /२४ म्हणजे २५६. तिरप्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा, तितकी वस्ती छोटी आणि शब्दाला वजन जास्त. मालकी कुणाची, हे विचारायची पद्धत नाही. सातबारा न बघता फेरफार करणारा तलाठी निदान चहापाणी तरी घेतो; राउटर हे काम फुकट करतो.

फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान सरकारला यूट्यूब बंद करायचं होतं, अर्थात आपल्या देशापुरतं. पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांतला एक /२४ 'इकडे पाठवा' म्हणून जाहीर केला. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या दूरसंचार कंपनीने ती नोंद जशीच्या तशी जगाला कळवली. खुद्द यूट्यूबची नोंद होती /२२ची. मालक खरा, पण मोघम! मग काय, जगभरचे राउटर यूट्यूबची वाहतूक मुकाट पाकिस्तानकडे धाडू लागले आणि ती तिथेच गडप होऊ लागली. सरकारी आदेशाची इतकी चोख अंमलबजावणी क्वचितच होते.

यूट्यूब कोर्टात गेलं नाही. त्याने आधी आपलाही /२४ जाहीर केला. बरोबरीच झाली. मग त्याचे दोन /२५ केले. आपल्याच घरावरचा हक्क सांगायला घराचे तुकडे पाडावे लागले. अखेर दोनेक तासांनी पीसीसीडब्ल्यूने ती नोंद काढली.

आता मालकी तपासायला आरपीकेआय नावाची सहीशिक्क्याची सोय आहे. तपासणं ऐच्छिक आहे.