माहितीसंपन्न भेंडी-उत्पादक व्हा (नवशिक्यांसाठी)

अभिनंदन. भिवंडी तालुक्यात अर्धा एकर राखून, भात कापल्यावर त्यात तुम्ही भेंडी लावलीत. मेहनतीला तुम्ही कमी नाही, नशिबाचं आपल्या हातात नाही. कमी आहे ती फक्त माहिती. निदान केंद्र सरकारने २००० साली देशभरचे बाजारभाव गोळा करणारं अ‍ॅगमार्कनेट सुरू केलं तेव्हापासून सगळे तज्ज्ञ हेच सांगत आलेत. खालच्या पायऱ्या मन लावून पाळा. एका हंगामात माहितीसंपन्न व्हाल. नुसतं संपन्न व्हायचं पुढे बघू.

१. तक्ता वाचायला शिका. पणन मंडळाच्या तक्त्यात शेतमाल, जात-प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. सुरुवात जास्तीत जास्त दरापासून करा, मन प्रसन्न राहतं. तो कुणाला मिळाला हे विचारू नका. शेजारच्या गावातल्या कुणाला तरी मिळाला असं प्रत्येक गावात सांगतात. कमीत कमी दर वाचायची गरज नाही. तो पट्टीवर येतोच. जात-प्रतीच्या रकान्यात पुष्कळदा तीन आडव्या रेघा असतात. तुम्ही पहाटे बोटं सोलवटून कोवळी भेंडी निवडलीत, त्याची नोंद ती हीच.

२. गणित पक्कं करा. दर क्विंटलचा, माल दोन जाळ्या. भागाकार करा, गाडीभाडं वजा करा, हमाली-तोलाई वजा करा. उत्तर शून्याच्या अलीकडे आलं तर घाबरू नका, पद्धत बरोबर आहे.

३. वेळ साधा. भाजीचा खरा व्यवहार पहाटे अंधारात उरकतो. किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, फोन फुकट आणि बोलणं मराठीत, सकाळी सहाला सुरू होतं. मधल्या वेळात चहा घ्या. तक्त्यात आजचा आकडा चढेपर्यंत तुमची भेंडी कुणाच्या तरी डब्यात परतून झालेली असते. पण ज्ञान कधीच वाया जात नाही.

४. भाव पडला असेल तर माल विकू नका. हा सल्ला प्रत्येक शिबिरात मिळतो, बहुधा सोयाबीनवाल्यांसाठी लिहिलेला. भेंडीला तो समजावून सांगा. ती दिवसाआड तोडावीच लागते; दोन दिवस थांबलात तर निबर होते आणि म्हशीच्या पुढ्यात जाते. म्हैस भाव विचारत नाही, ही तिची जमेची बाजू.

५. बाजार निवडा. माहितीचं खरं सामर्थ्य इथेच. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ च्या दरम्यान मोबाइल पोचले, तसे तारली धरणारे मच्छीमार होडीतूनच किनाऱ्याकिनाऱ्यावरचा भाव विचारू लागले आणि जिथे गिऱ्हाईक तिथे होडी लावू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने २००७ मध्ये हिशेब मांडला: मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला, गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त पडली. तेव्हा तुम्हीही होडी वळवा. तुमची होडी म्हणजे गावातल्या सहा जणांनी मिळून केलेला टेम्पो. तो कल्याणला निघालाय, वाशीला भाव बरा आहे, बाकी पाच जणांचं कल्याणला खातं आहे आणि टेम्पो माणकोलीच्या कोंडीत उभा आहे. वळवा बघू.

६. वाटाघाटी करा. मोबाइल अडत्या शेठसमोर धरून ठामपणे म्हणा, "शेठ, इथे तर जास्त भाव दाखवतोय." शेठ म्हणेल, "मग मोबाइललाच वीक ना दादा." हसा. बियाण्याला आणि पोरीच्या फीला त्याच्याकडूनच उचल घेतली आहे हे त्याला पाठ आहे, आणि ही माहिती कुठल्याही तक्त्यापेक्षा ताजी असते. त्या उचलीला तारण नाही, अर्ज नाही, रात्री दहालाही ती मिळते. बँकेला हे जमेपर्यंत शेठशी नीट वागा.

७. कायदा पाठ करा. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली. आता पट्टी उलगडा. अडत हा शब्द दिसत नाही? झाला ना फायदा! भाव का उतरला ते विचारत बसू नका.

८. भाताकडे दुर्लक्ष नको. आधी जाहीर होणारा, अगदी पक्का भाव भाताचाच: २०२५-२६ साठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये. नोंदणी करा, सातबारा जोडा, केंद्र सुरू व्हायची वाट बघा. तोवर घरात पैसे लागले तर खळ्यावर व्यापारी येतोच. त्यालाही २३६९ हा आकडा माहीत असतो. तो त्यातूनच वजाबाकी सुरू करतो.

९. पाहणीवाल्यांशी आदराने बोला. रॉयटर्सने २००७ मध्ये महाराष्ट्रात एसएमएसवर मराठीतून भाव कळवायला सुरुवात केली. पुढे फाफशाँ आणि मिंटन या अर्थतज्ज्ञांनी राज्यातल्या १०० गावांत ही सेवा काहींना देऊन, काहींना न देऊन तपासली. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आला: शेतकऱ्याला मिळालेल्या भावात सरासरीने काहीच फरक नाही. खचू नका. एसएमएस वेळेवर येत होते.

१०. इतकं करूनही अचूक, ताजा आणि घरपोच भाव हवाच असेल, तर तोही भिवंडीत मिळतो. काल्हेर, पूर्णा, माणकोलीकडे गोदामांच्या रांगा उगाच नाही उभ्या राहिल्या. त्यासाठी अ‍ॅप नको, नोंदणी नको. एजंट स्वतः बांधावर येतो, "काका, तुमच्या गुंठ्याला आज इतका चाललाय" म्हणतो आणि उद्या वाढला की फोनही तोच करतो. त्याच्या भावात तोलाई नाही, कडता नाही, जात-प्रत विचारत नाही. फक्त शेतात भेंडी उभी असेल तर ती कधी काढणार, एवढं विचारतो. तारीख सांगताना घाई करू नका. दर दोन दिवसांनी फोन येईल.