कोष्टकशास्त्री

हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत कॉफीच्या मशीनपाशी जरा वेळ उभे राहा, कोष्टकशास्त्री भेटतातच. खरे नाव आयकार्डावर असते, ते कोणी वाचत नाही. टीमसाठी सीआय (कंटिन्युअस इंटिग्रेशन) टूल कुठले घ्यायचे, एवढेच काम त्यांच्याकडे दिलेले. ते देणारा मॅनेजर नोकरी सोडून गेला, त्याच्यानंतरचाही गेला. शास्त्रीबुवांची एक्सेल शीट मात्र उजवीकडे वाढतेच आहे.

जेन्किन्सचे नाव काढले की ते हात जोडतात. "जुनं खोड! 2005 सालचं. तेव्हा हडसन म्हणायचे. ओरॅकलशी नावावरून वाजलं, म्हणून 2011मध्ये जेन्किन्स झालं. फुकट आहे, सांगाल ते करतं. पण एक प्लगिन अपडेट करा, दुसरी तीन रुसलीच."

मग गिटहब ॲक्शन्स घ्या की! "घेतलं असतं हो. पण प्रायव्हेट रेपोला फुकटात महिन्याला 2000 मिनिटं. पुढे मीटर." गिटलॅबमध्ये सगळे एकाच ठिकाणी मिळते, आणि नेमके तेच त्यांना खुपते: "उद्या सोडायचं म्हटलं तर?" सर्कलसीआयपुढे 'विचाराधीन' असे लिहिले आहे. कधीपासून, ते विचारू नये.

यामल फाइल तपासताना त्यांना पाहावे. चष्मा कपाळावर, बोट थेट स्क्रीनवर. "एक, दोन... हे बघा, इथे टॅब! यामलला टॅब चालत नाही, स्पेसच लागते." या बाबतीत त्यांचा शब्द प्रमाण. मॉनिटर पुसायला कापड मात्र दुसऱ्याने आणायचे.

एकदा नव्या ट्रेनी मुलीने विचारले, "सर, आपल्याकडे टेस्ट किती आहेत?"

"सात. त्यातल्या दोन कमेंट केल्यात. पण तो वेगळा विषय आहे."

वेगळा कसला? रोज निदान एकदा तरी प्रत्येकाने आपला कोड मुख्य शाखेत मिसळावा आणि लगेच तपासला जावा, हा सीआयचा मूळ आग्रह. इथे एकेकाची ब्रँच महिनाभर मुरते, आणि शुक्रवारी रात्री कोणीतरी घरी "जेवून घ्या" असा फोन करून फायली हाताने सर्व्हरवर चढवतो.

शेवटी त्या मुलीनेच एका अडगळीतल्या मशीनवर जेन्किन्स चालू केले. पहिले बिल्ड लाल आले. ते पास झाल्यावर हिरवे दिसावे की जुन्या जेन्किन्ससारखे निळे, यावर शास्त्रीबुवांनी बुधवारी मीटिंग लावली आहे. सगळ्यांनी यायचे आहे.