श्रीयुत फ्युजेरियम बुरशी यांस

मुक्काम : माती, पाणी आणि हल्ली आमच्या भाचीचं उजवं बुबुळ.



यवतमाळ जिल्ह्याला आपली ओळख करून द्यायला नको. फुलोऱ्यावर आलेली तूर उभ्याउभ्या मान टाकते, खोड चिरलं की काळपट रेघ दिसते. ती आपल्या घराण्याची सही. पऱ्हाटीची काडी डोळ्याला लागली की शेतकऱ्याच्या बुबुळात शिरतात ते आपलेच भाऊबंद. जाताना पांढरा डाग ठेवून जाता. त्याला आमच्याकडे ‘फूल पडलं’ म्हणतात. नावं ठेवण्यात आम्ही भारीच रसिक.

शेतात मात्र आपल्याला काडीची वाट पाहावी लागते. भाचीनं तीही गैरसोय ठेवली नाही. तिच्या लेन्सची डबी मी पाहिली. न्हाणीतल्या फळीवर, टूथपेस्टला खेटून. झाकणाच्या आट्यांत हिरवट रेघ, अंगठा फिरवला तर बुळबुळीत. धुवायचं औषध संपलं म्हणून आत ड्रममधलं पाणी. “मामा, नळाचंच तर आहे. पितोच ना आपण!”

पितो, बाई. डोळ्यानं नाही पीत.

त्या प्लास्टिकमागं केवढं डोकं खर्ची पडलंय! 1961 च्या नाताळात ओटो विख्टर्ले या चेक शास्त्रज्ञानं पोरांच्या खेळण्यातले भाग जोडून यंत्र केलं आणि घरातल्या टेबलावर पाणी शोषणारी मऊ लेन्स ओतली. बुबुळ प्राणवायू थेट हवेतून घेतं, म्हणून पुढं तो आरपार जाऊ देणारं सिलिकॉन हायड्रोजेल आलं. वाटलं, आता आपलं दुकान बंद. मग ऑस्ट्रेलियात मोजदाद झाली. मऊ लेन्स फक्त दिवसा घालणाऱ्या दर 10,000 जणांत वर्षाला सुमारे 2 जणांच्या बुबुळाला संसर्ग. घालून झोपणाऱ्यांत सुमारे 20. नवं सिलिकॉन घालून झोपणाऱ्यांत 25. (मोठा वाटा जिवाणूंचा होता, हे आपल्या विनयाला धरून सांगतो.)

2006 साली तर आपण कहर केलात. रेन्यू मॉइश्चरलॉक हे लेन्स धुण्याचं औषध वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत जाऊन बसलात. अमेरिकेत 164 रुग्ण नक्की झाले आणि मे महिन्यात बॉश अँड लॉम्बनं तो माल जगभरातून मागे घेतला. डबीतल्या जुन्यावर नवं ओतायची लोकांची सवय आपल्या पथ्यावर पडली म्हणतात.

इथं आपल्याला मेडिकलवालाही भेटला. भाचीचा लाल डोळा बघून त्यानं चिठ्ठीविना स्टेरॉइडचे थेंब दिले. लाली उतरली, घरचे खूश, आणि आपण आत निवांत मूळ धरलंत. आता नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध सुरू आहे, दर तासाला एक थेंब, रात्रीही. मोबाइलचा गजर वाजला की आख्खं घर उठतं.

डबी फेकून द्या, असं मी ताईला बजावलं होतं. काल पाहिलं तर फळीवरच होती. “चांगली आहे रे, स्वच्छ धुतली,” ताई म्हणाली.

ड्रममधल्या पाण्यानं.

आपला,
चष्म्यावर समाधानी असलेला एक मामा, यवतमाळ